गढीवरची द्वारकी

आमची बुढी, माझी बायको, गेल्या हिवाळ्यात गेली आणि मी तिची तेरवी केली नाही, तेराव्याचं जेवण घातलं नाही. गल्लीतले लोक अजून माझ्याकडे तिरपं पाहतात. मोठ्या पोरानं तर तोंडावर विचारलं, "बाबा, लोकं काय म्हणून राहिले माहीत हाय काय? बुढा कंजूस निघाला म्हणतात." म्हणू दे. चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या सांगून होणारी ही गोष्ट नाही. म्हणून लिहायला बसलो. यातली शेवटची गोष्ट कळली तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

तिचं नाव द्वारका. लहानपणापासून सगळे द्वारकीच म्हणत. अंगानं ठेंगणी, पण पाऊल मोठं. बायकांच्या चपला तिला कधी झाल्या नाहीत, पुरुषांच्याच घालायची आणि फटफट वाजवत चालायची. आम्ही एका गावचे, उमरेडच्या पलीकडचे. लहानपणी ती मला तू-गा म्हणायची. लगन झाल्यावर चारचौघांत "अहो", घरात दार लावलं की पुन्हा "काय गा". तिचा राग नाकावर नव्हता, जिभेवर होता. बोलून झालं की मोकळी.

तिला एकच खोड. पडकी, बंद, सुनी जागा दिसली की ती थांबायची. दारापाशी जाऊन हाक मारायची, "कोणी हाय का आत?" मग उत्तराची वाट पाहायची. खरंच वाट पाहायची, कान देऊन. मग आत शिरायची.

नागपूरच्या धरमपेठेत माझ्या भाचीच्या घरासमोर एक बंगला कितीक वर्षं बंद पडला होता. आम्ही भाचीकडे जेवायला गेलो तर बुढी फाटक ढकलून तिकडे. चौकीदार धावला, "ओ माताजी, कहाँ जा रही हो? अंदर कोई नहीं है." ही म्हणते, "तूने आवाज दिया क्या कभी? फिर तेरे को कैसे मालूम?" तो बिचारा दिवसभर विचार करत बसला असेल.

पोरानं नवा फ्लॅट घेतला तेव्हाही तेच. चुन्याचा वास येऊन राहिला होता, दारं-खिडक्यांवरचा कागदही निघाला नव्हता. ही उंबऱ्यावर उभी, "कोणी हाय का आत?" बिल्डरचा माणूस हसला. म्हणाला, "आजी, कोरा फ्लॅट आहे, कोण असणार?" ती म्हणाली, "रिकामं दिसते म्हणून रिकामंच राह्यते काय बावा?" सून माझ्याकडे पाहू लागली. मी मान खाली घातली. सांगणार काय?

दुसरी खोड अशी की मयताला, तेरवीला ती सगळीकडे जायची, पण तेरवीचं जेवली नाही कधी. बायांच्या गळ्यात पडून रडायची, त्यांच्या लेकरांना न्हाऊ घालायची, भांडी घासायची. पंगत बसली की उठून चालू लागायची. यावरून नात्यात भांडणं झाली. तिनं कारण सांगितलं नाही. आता मी सांगतो.

आमच्या गावाबाहेर नदीच्या काठावर टेकडी आहे आणि टेकडीवर गोंड राजाची म्हणतात ती गढी. राजा कोणता, कधीचा, गावात कोणाला माहीत नव्हतं. काळे दगड, पडलेले बुरूज, कोरडी बावडी, सगळीकडे सीताफळाची झुडपं. मधोमध एक भुयार. ते थेट नागपूरच्या किल्ल्यात निघते म्हणायचे आणि त्यातून हत्ती जात होता म्हणायचे. त्या तोंडातून बकरीही वाकून गेली असती, पण आम्हाला हत्ती दिसायचा.

आम्ही तिघं पोट्टे तिथं पडून असायचो. मी, द्वारकी आणि तिचा चुलतभाऊ नाम्या. पुढारी द्वारकी. गढीत शिरताना हाक मारायची हा कायदाही तिनंच केला. एका गुराख्यानं तिला सांगितलं होतं की आवाज दिला की साप, लांडगा, जे काही असेल ते बाजूला होते, त्याला न विचारता गेलं की चावते. त्यामुळं आम्ही बुरुजाशी आलो की ती ओरडायची, आम्ही थांबायचो, आणि आत काहीतरी सळसळलं की नाम्या म्हणायचा, "गेलं." मग आम्ही आत.

तिथं भोक पाडलेला एक चौकोनी दगड होता, ओट्यावर बसवलेला. द्वारकी त्याला सिंहासन म्हणायची. त्यावर बसून आम्हा दोघांचा न्याय करायची. नाम्यानं सीताफळं चोरली म्हणून त्याला फाशी, मी खोटं बोललो म्हणून मला हद्दपार. लगनानंतर एकदा ओव्हरसियर असलेल्या पाहुण्याला तिनं त्या दगडाचं वर्णन केलं. तो म्हणाला, "वहिनी, तो संडास असेल." बुढी इतकी हसली की ठसका लागला. "म्हणूनच नाम्या फाशीला घाबरे नाही," म्हणाली.

तिची माय नव्हती. म्हणजे आम्हाला तसंच माहीत होतं. द्वारकी अगदी लहान असताना माय माहेराहून येताना नदीच्या पुरात वाहून गेली होती. प्रेत सापडलं नाही. प्रेत नसलं की आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला लुगडं नेसवतात आणि जाळतात. तिच्या बापानं नदीकाठी तो जाळला, डोकं भादरलं, तेरवी केली. गाव जेवलं. मीही जेवलो असेन, मला फक्त बुंदी आठवते.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. त्या साली पाऊस फार झाला होता, गढीच्या भिंती फुगल्या होत्या. भर दुपार. द्वारकीनं ठरवलं की आज भुयारात जायचं, हत्ती कुठून जात होता ते पाहायचं. ती तोंडाशी वाकली, हाक मारली, "कोणी हाय का आत?"

आतून आवाज आला, "द्वारके, येऊ नको आत. वरचा दगड सुटून राह्यला."

नाम्या असा पळाला की थेट घरी जाऊन गोधडीत शिरला. मी पळालो नाही, कारण माझे पाय हललेच नाहीत. द्वारकी तशीच वाकलेली. मग हळूच म्हणाली, "कोण वं?"

"जाय घरी."

"माय?"

आतून नुसतं रडणं ऐकू आलं, तोंडात पदर कोंबून रडतात तसं.

ती मायच होती. तिला रगतपिती, म्हणजे महारोग झाला होता. बोटं जायला लागली होती. रोग गावाला कळला असता तर सगळं घर वाळीत पडलं असतं, द्वारकीला कोणी सून केली नसती. म्हणून नवरा-बायकोनं मिळून ठरवलं की नदीनं नेली म्हणायचं. आमची नदी दर पावसाळ्यात कोणाला ना कोणाला न्यायचीच, संशय कोणाला येणार? बापाचं वावर गढीच्या पायथ्याशी. भाकर तिथं ठेवायचा, ती घेऊन जायची. आम्ही पोट्टे हाक मारायचो, ती भुयारात सरकायची. आम्ही साप गेला म्हणायचो. आमचे खेळ, तो न्यायनिवाडा, सगळं ती अंधारातून पाहत होती. पोटच्या पोरीला रोज पाहत होती आणि बोलत नव्हती. त्या दिवशी वरचा दगड सुटला होता, म्हणून बोलली.

ती उन्हात आली तेव्हा मी पाहिलं. हातांना लुगड्याच्या चिंध्या. द्वारकीनं चिंधीचा हात धरला. माय मागे ओढायला लागली. "माही तेरवी झाली वं पोरी. माहा धूर म्या इथूनच पाह्यला. आता घरी नाई येता येत."

द्वारकी म्हणाली, "चाल."

मायला उठवता उठवता गुरं परतायची वेळ झाली. धुळीतून ही पोट्टी मायचा हात धरून गावात शिरली आणि मी मागे. बाया दारं लावून घेत होत्या. गुराखी गुरं सोडून पळाला. तिच्या घराशी आलो तर बाप दारात. बायकोकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही कोण? मी नाही ओळखत."

लोक जमले. मला वाटलं, आता रोगाचं बोलतील. रोगाचं बोलणं नंतर. पहिलं बोलणं तेरवीचं. जातीचा म्हातारा पंच काठी टेकत आला, मायकडे न पाहता बापाला म्हणाला, "हिची तेरवी आम्ही जेवलो. हे बाई जित्ती म्हणशीन त आम्ही काय खाल्लं, सांग."

द्वारकी म्हणाली, "बुंदी खाल्ली तुम्ही."

कोणी हसलं नाही. पंचानं निवाडा दिला. जिचा पुतळा जळला, जिला पिंड मिळाले, ती मेली. मेलेलं माणूस उंबरा चढलं तर घर बाटेल, गाव बाटेल. मोठी शहाणी माणसं होती, ज्वारीचा भाव करताना कोणाच्या बापाला ऐकत नव्हती. समोर उभी बाई त्यांना मेलेली दिसत होती. मी लहान होतो, पण मला ती जिवंत दिसत होती. मी माझ्या बापाला म्हटलं, "बाबा, ते त रडून राह्यली." बापानं माझा कान पिळला.

माय स्वतःच मागे फिरली. द्वारकीही तिच्याबरोबर फिरली. बापानं हाक मारली, "द्वारके, इकडं ये." ती थांबली, म्हणाली, "मी कोण? वळखता काय?" आणि गेली.

त्या हिवाळ्यात मायलेकी गढीत राहिल्या. बाप भाकर ठेवायचा, आता दोघींची. आम्हाला तिकडे जायची बंदी. पुढं रोगाच्या दवाखान्याचा एक माणूस सायकलवर गावोगाव पोट्ट्यांच्या पाठीवरचे चट्टे तपासत फिरत आला. गावानं त्याला भुताची गोष्ट सांगितली. तो सरळ गढीवर गेला. दोघींना घेऊन निघाला तर एकही बैलगाडी मिळेना. मायला त्यानं सायकलच्या मागं बसवलं, सायकल हातात धरून चालू लागला आणि द्वारकी मागून ढकलत निघाली. आम्ही झाडावर चढून ते पाहिलं. तिनं वळून पाहिलं नाही.

लगेच पुढच्या महिन्यात माझ्या बापाला इतवारीत हमालीचं काम मिळालं आणि आम्ही नागपूरला आलो. गाव सुटलं.

मी मोठा झालो, भांड्याच्या दुकानात लागलो. एके दिवशी समोरून डोक्यावर खाटेच्या नवारीचे गुंडाळे घेऊन एक पोरगी आली, पायात पुरुषी चपला. त्या दवाखान्याच्या वस्तीत रोगी लोक नवार विणायचे, ती विकायची. माल चांगला, पण कुठला आहे कळलं की दुकानदार हात मागे घ्यायचे. ती मात्र लपवायची नाही, पहिल्यांदा तेच सांगायची. मला पाहून थांबली.

"तू नाही ना पळाला होता गा?"

"पाय हलले नाही म्हणून राह्यलो."

"नाम्याचे त हलले," म्हणाली आणि हसली.

आमचं लगन झालं. माझ्या घरचे कोणी आले नाहीत. तिची माय औषधानं बरी झाली होती, रोग गेला होता, बोटं तेवढी परत येणार नव्हती. ती आमच्याजवळच राहिली. माझ्या पोरांना तिनं बिनबोटांच्या हातांनी थोपटून झोपवलं आहे.

आणि एक दिवस द्वारकीचा बाप आला. म्हातारा झालेला, भावांनी वावर वाटून घेतलेलं, पाहणारं कोणी नाही. पिशवी घेऊन दारात उभा. मला वाटलं, आता द्वारकी त्याला फाडून खाते. ती चुलीपाशी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग मायकडे पाहिलं. मायनं डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "द्वारके, विचार त्यायले, मेलेल्या बाईच्या हातचं पाणी चालते काय."

तो उंबऱ्यावर बसला. दोन्ही हातांच्या पंजांत गडवा धरून मायनं पाणी नेलं. तो प्यायला. गळ्यातून आवाज येत होता त्याच्या, पाणी अर्धं छातीवर सांडलं. त्यानंतर तो मरेपर्यंत आमच्याकडेच राहिला. रोज द्वारकीच्या हातचं जेवला. तिनं त्याला जुनं काही विचारलं नाही. तो आपणहून काही बोलला नाही. मी म्हणायचो, फिटलं सगळं.

फिटलं नव्हतं. मागच्या वर्षी नाम्याच्या नातीचं लगन होतं, गावाला गेलो. बुढी हट्टानं गढीवर चढली, मी आणि नाम्या काठ्या टेकत मागे. भुयाराच्या तोंडाशी शाळेतले पोट्टे मोबाइलवर फोटो काढत होते. एक पोरगी म्हणाली, "आजी, तिकडं जाऊ नका. मेलेली बाई राह्यते तिथी. तिनं एका पोट्टीले वढून नेलं."

बुढीला मजा वाटली. "मंग काय झालं त्या पोट्टीचं?"

"मेली. गावानं तेरवी केली तिची."

"हट. पोट्टीची तेरवी कोणं केली?" असं म्हणून ती हसत नाम्याकडे वळली, की तो तरी सांगेल. नाम्या खाली पाहत होता.

"नाम्या."

"काका म्हणे, सांगू नको."

"काय सांगू नको?"

"तुम्ही दोघी गेल्या, मंग याच्या घरचेबी नागपूरले गेले, त्यावर पंच बसले," नाम्या म्हणाला. "मेलेली बाई दारापर्यंत आली, पोट्टी तिच्यासंग गेली, घर बाटलं म्हणे. पोट्टीचंबी करून टाक, मंगच तुह्या घरचं पाणी पिऊ. काकानं केलं, तुह्या बापानं."

"पुतळा?"

"हो. लहान होता."

मी दगडावर बसलो. तो माणूस आमच्या घरात राहिला. पोरीच्या हातची भाकर खाल्ली, तिच्या हातून औषध घेतलं, तिच्या मांडीवर मेला. तिला जाळून आला होता आणि एक शब्द बोलला नाही. मला अजूनही कळत नाही की घास गिळत होता तेव्हा त्याला काय दिसत होतं. आपली पोरगी का पळसाची पानं?

आता सांगा, मी तेरवी कोणाची करू? ज्यांना जेवायचं होतं ते केव्हाच जेवून गेले.

बुढी काही रडली-बिडली नाही. तिनं नाम्याला एवढंच विचारलं, "जेवले त्यातले कोण कोण जित्ते हायेत?"

"फार नाई राह्यले."

"चाल, दाखव."

लगनाचा मांडव सोडून ती गावात दारोदार फिरली. दारात उभी राहून सांगायची, "मी द्वारकी. गढीवरची." दोन म्हातारे होते. एक बहिरा, तो नुसता हात जोडत राहिला. दुसऱ्यानं ओळखलं आणि आत जाऊन पडला, पुन्हा बाहेर आला नाही. शेवटचं घर कोसाबाईचं. नव्वदीची बाई, डोळे गेलेले, ओट्यावर चटईवर बसलेली.

"कोण द्वारकी?"

"माहीच तेरवी केली होती तुम्ही."

कोसाबाई म्हणाली, "त्या पुऱ्या म्याच तळल्या वं."

"जळल्या काय?"

"नाई. चांगल्या झाल्या होत्या." मग तिनं हवेत हात फिरवला. "जवळ ये. खोटं बोलून राह्यली अशीन त मले समजते."

बुढी ओट्यावर बसली आणि हात पुढं केला. कोसाबाईनं तो धरला, मनगट दाबलं, कोपरापर्यंत चाचपत गेली, पुन्हा खाली आली, एकेक बोट मोजल्यासारखं धरून पाहिलं. "गरम हाय," म्हणाली. सुनेला आत हाक मारून म्हणाली, "अवं, गरम हाय हात हिचा."

आटोवाला केव्हाचा भोंगा वाजवत होता, उमरेडची शेवटची बस सुटायला आली होती. मी म्हटलं, "चाल वं, निघू." बुढीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं दुसराही हात कोसाबाईच्या हातात दिला, मोठ्या पायांतल्या चपला काढून ओट्याखाली सरकवल्या आणि मांडी घालून नीट बसली. मी आटोवाल्याला हात केला, की जा.